साखरेचा सातबारा

आप्पा तलाठी म्हणून रिटायर झाले, पण उतारा वाचायची खोड सुटली नाही. डायबेटीस निघाल्यापासून सातबाऱ्याची जागा बिस्किटाच्या पुड्यानं घेतली, एवढंच. असे आप्पा धुळ्याच्या आग्रा रोडपासून जळगावच्या फुले मार्केटपर्यंत कुठल्याही दुकानात सापडतात. हातात भिंग, मागे खोळंबलेली चार गिऱ्हाइकं.

"आप्पा, बिस्कीट लेतस का पेपर तपासतस?" दुकानदार विचारतो.

आप्पा पुडा उलटा करतात. पुढच्या बाजूची गव्हाची लोंबी ते बघतसुद्धा नाहीत. त्यांच्या मते मालक मागेच सापडतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, हा नियम त्यांना पाठ आहे. "म्हणून साखरेनं काय केलं? वाटणी करून घेतली! एकत्र राहती तर गव्हाच्या वर नाव लागतं. आता बघ. साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज. पोटहिस्से चार, कूळ एकच."

माल्टोडेक्स्ट्रिनवर मात्र त्यांचा खास दात. हा गडी स्टार्चच्या घरचा, त्यामुळे साखरेच्या रकान्यात नाव लागू देत नाही आणि रक्तात ग्लुकोज झरझर चढवतो. "बेनामी!" आप्पा एवढ्या जोरात ओरडतात की शेजारच्या बाई हातातलं हेल्थ ड्रिंक मुकाट्यानं फळीवर ठेवतात. मग चार ग्रॅमला एक चमचा या दराने आप्पा शंभर ग्रॅममागची साखर मोजून दाखवतात आणि काहीच न घेता निघतात.

निघतात ते थेट केळीवाल्याकडे. डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं की पिकल्या केळ्याचा जीआय, म्हणजे साखर चढवण्याचा वेग, बघून खावं. आप्पा ताठ बसून म्हणाले, "जळगावच्या केळ्याला जीआय 2016 सालीच मिळाला, साहेब!" भौगोलिक मानांकनाचा अभिमान रास्तच, पण रक्ताच्या रिपोर्टाला तो कळत नाही.

यंदा आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होता. रसाच्या पातेल्यावर माईंनी चिठ्ठी चिकटवली होती: 'भोगवटादार: नातवंडं. इतर हक्क: आप्पा, अर्धी वाटी.'

आप्पांनी भिंग काढून ती दोनदा वाचली. "फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात," ते म्हणाले.

"घ्या की," माई म्हणाल्या. "रस काही तेवढा टिकायचा नाही."