खिडकीचं बाळसं

आमच्या हॉलची खिडकी 4 फूट 1 इंच रुंद आणि 3 फूट 7 इंच उंच आहे. हे मी शपथेवर सांगतो, कारण ती बदलायला तीन कारागिरांची कोटेशनं आल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी ती मोजतो. वाढलेली नसते.

कागदावर मात्र ती बाळसं धरते. पहिल्याकडे ती 15.94 चौरस फूट झाली, दुसऱ्याकडे 18. तिसऱ्याने "सरळ 5 बाय 4 धरू" म्हणत 20 केली. शाळेतल्या गणिताने 14.63 येतात, पण इथे इंच 'राउंड' होतो. कुणाचा 3 इंचांच्या पटीत, कुणाचा 6 इंचांच्या, कुणाचा थेट फुटात. राउंड म्हणजे अर्थात वरच. खाली येणारा राउंड अजून जन्माला यायचाय.

बाकी ॲल्युमिनियमचं डोमल सेक्शन की साधं, दोन ट्रॅक की जाळीचा तिसरा, सिलिकॉन 'वेगळं पडेल', बिल हवं असेल तर वर 18 टक्के, हे सगळं तुम्हाला पाठ असेलच.

"काका, काचेत वेस्टेज जातं ना," तिसरा म्हणाला. म्हणजे मी पैसे मोजणार ती 5.37 चौरस फूट काच कुठेतरी असणार! म्हटलं, मग ते तुकडे आणून द्या. हॉटेलात भजी खाऊन कढईतलं तेल मागावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

या देशात 1956 साली वजनमापांचा कायदा झाला. शेर गेले, मण गेले, फूट काही खिडकीतून बाहेर पडला नाही. काचेच्या जाडीला मिलिमीटर, लांबीरुंदीला फूट आणि भांडणाला सूत, अशी एकाच खिडकीत तीन राज्यं नांदतात. हाच फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने जिना, लिफ्ट आणि डक्टमधली हवासुद्धा सुपर बिल्टअप म्हणून माझ्या माथी मोजली होती, तेव्हाही मी पेढेच वाटले. भाजीवाल्या मावशी काटा झुकता ठेवून वर दोन मिरच्या टाकतात, त्यांच्याशी आम्ही पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. दूधवाल्याच्या मापात बोट बुडतंय का, हे डोळे वटारून बघतो. आणि हा टेपवाला आला की त्याला चहा! साखर किती, विचारून! अरे, भिंत माझी, भोक माझं, आणि ते केवढं आहे हे ठरवणार हा?

शेवटी दुसऱ्याला काम दिलं. पहिल्याने इंचात सोडलेलं दरात वसूल केलं होतं, आणि मधलं ते वाजवी अशी आमची मध्यमवर्गीय समजूत. पैसे 18 चौरस फुटांचे मोजले. परवा खिडकी बसली. उजव्या बाजूला तीन सूत फट राहिली.

"काका, माप जरा कमी पडलं," तो म्हणाला आणि फटीत सिलिकॉन भरलं.

ते वेगळं पडलं.