गुडघ्याची प्रतिष्ठा

गुडघे म्हातारपणी दुखतात, गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट मात्र खेळाडूंचं तुटतं. माझं सोसायटीच्या बॅडमिंटनमध्ये तुटलं, तेव्हा कळ जराशी निवताच मला रुबाबही जाणवला. भेटायला येणाऱ्याला मी ‘गुडघ्याचं ऑपरेशन’ म्हणू देत नसे. ‘लिगामेंट रिकन्स्ट्रक्शन!’ मांडीमागचा कंडरा काढून नवं लिगामेंट बसवल्याची कथा ऐकल्याखेरीज कुणाला चहा मिळत नसे.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी हा रुबाब एका ‘काका’त उतरवला. “काका, मांडी आवळा.” आवळली. “अहो, आवळा ना!” आवळलीच होती, पण मांडीला निरोप पोचला नव्हता. सुजलेला सांधा मज्जारज्जूकडे अशा काही तक्रारी धाडतो, की मांडीचा पुढचा स्नायू हात आखडता घेतो. त्याला उठवायला कंपनयंत्र आलं. सेकंदाला तीस-चाळीस हादरे. त्यांनी स्नायूतले ताण ओळखणारे तंतू चाळवतात, स्नायू आपसूक आवळतो आणि त्या गलक्यात वेदनेची हाक मेंदूपर्यंत कमी पोचते.

हादरे म्हटले की मला एसटीची शेवटची सीट आठवते. पॅरिसच्या डॉक्टर शार्कोंना दिसलं, की गाडीच्या लांब प्रवासानंतर कंपवाताच्या रुग्णांना बरं वाटतं. १८९२च्या सुमारास त्यांनी थरथरणारी खुर्चीच वापरात आणली. आपल्याकडे १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि हा उपचार तिकिटातच मिळू लागला. खडखडणारी काच, खालचं चाक, घाटातला गिअर: सगळं एकाच सेशनमध्ये! पुढे २०१२ साली शार्कोंच्या उपचाराची चाचणी छापून आली. न थरथरणाऱ्या खुर्चीत बसलेल्यांनाही जवळपास तितकंच बरं वाटलं होतं. एसटीत निदान गाव तरी येतं.

त्याच एसटीतून आई दुखरे गुडघे घेऊन नोकरीला जायची, बहुधा उभ्यानं. तिच्या दुखण्याला आम्ही कधी भारदस्त नाव दिलं नाही. “बाम लाव,” म्हणायचो. ती लावायची आणि भाकरी थापायला बसायची. माझ्या गुडघ्याला यंत्र, मॅडम आणि दोन उशा. परवा तीच जिना चढून आली आणि म्हणाली, “फार दुखतंय का रे?” मला नव्या लिगामेंटची कथा सांगवेना.

यंत्रानं दुखणं थोडं उतरतं, मांडी थोडी जागी होते. पण गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत राहण्याचा कंटाळवाणा व्यायाम काही सुटत नाही. तेव्हा वाचकहो, घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर बामची बाटली पुढे करण्याआधी कुठं दुखतंय ते विचारा. माझं लिगामेंट नंतर बघू.