शालेय साहित्याचे वाटप कसे करावे

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात जरा उशिरा. तेव्हा मे संपायच्या आत कामाला लागावे. काम म्हणजे फ्लेक्स. वह्या आदल्या रात्री आणल्या तरी चालतात, फ्लेक्सवाला मात्र आयत्या वेळी कोणालाच ओळखत नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीची, गाडी दारापर्यंत जाईल अशी निवडावी. पट 40च्या आसपास असावा. जास्त असला तर वह्या जास्त लागतात आणि कमी असला तर आमच्या मंडळासारखी फजिती होते. गेल्या वर्षी समोर 21 मुले होती आणि मंचावर 24 मान्यवर.

आता द्यायचे काय? पाठ्यपुस्तकांच्या वाटेला जाऊ नये. बालभारतीची पुस्तके सरकारी शाळांत आठवीपर्यंत फुकटच मिळतात, शिवाय त्यांच्या मुखपृष्ठावर आपला फोटो घालता येत नाही. वही ही आपली हक्काची जागा. पुढे साहेब, मागे युवा नेते, आतल्या बाजूला समस्त शुभेच्छुक. मधली पाने मुलांना. 2023 साली सरकारने पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पाने घातली तेव्हा आम्हा वाटपवाल्यांच्या पोटात गोळा आला होता. वहीच नको झाली तर साहेबांना छापायचे कुठे? पण मुले दप्तरात वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मंडळाने पेढे वाटले.

वही 200 पानी, एकरेघी घ्यावी. घाऊक बाजारात हीच स्वस्त पडते. पहिलीच्या बाई म्हणतील, मराठीला दुरेघी लागते, अंकांना चौकटींची, आणि 2000 सालापासून पहिलीलाही इंग्रजी असल्यामुळे चाररेघी वेगळी. शिवाय 100 पानीच द्या, कारण दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपुढे जाऊ नये असा 2015चा शासन निर्णय आहे. बाईंचे सगळे ऐकून घ्यावे आणि ‘बघू या’ म्हणावे. 18 किलोच्या पोराला 1 किलो 800 ग्रॅमच्या आत बसवायचे, त्यात डबा आणि पाण्याची बाटलीही धरायची, हा हिशोब मांडत बसलो तर साहेबांचा फोटो पासपोर्ट आकाराचा करावा लागेल.

वहीसोबत कंपासपेटी हवीच. फोटोत चकाकते. पहिलीतल्या मुलाला कर्कटकाचे काम अजून काही वर्षे तरी पडणार नाही, पण आपण दूरदृष्टीने देतो. आमच्या कार्यक्रमात पुढच्याच रांगेतल्या एका मुलीने पेटी उघडली, कर्कटक, कोनमापक, गुण्या एकेक करून काढले आणि शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या भावाच्या हवाली केले. मग फ्रॉकच्या खिशातून मोजायचे चिंचोके काढले, दहा, पेटीत भरले, झाकण लावले आणि पेटी कानाशी नेऊन वाजवून पाहिली. साहेबांचे भाषण तेव्हा शिक्षणाचे महत्त्व या मुद्द्यावर आले होते.

कार्यक्रमाची वेळ 9 सांगावी. म्हणजे मुले साडेआठपासून रांगेत बसतात आणि पाहुणे साडेअकराला आले तरी वाट पाहायला कोणीतरी असते. शाल-श्रीफळाचा खर्च वह्यांच्या वर गेला तर तो ‘किरकोळ’मध्ये दाखवावा. वही देताना मुलाकडे बघू नये, कॅमेऱ्याकडे बघावे. मुलाने वही धरली तरी फोटो निघेपर्यंत आपण सोडायची नाही. इथे जपावे लागते. दुसरीतल्या एका पोराला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने हिसका दिला, पिना निसटल्या, वही पोराकडे गेली आणि साहेबांच्या हातात साहेब राहिले.

वाचनालयासाठी पुस्तके द्यायची तर आधी घरचे माळे बघावेत. आमच्या एका खेपेत दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, शेअर बाजारावरचे एक पुस्तक आणि गेल्या सालचे पंचांग निघाले. चौथीपर्यंतच्या शाळेने ते सन्मानाने स्वीकारले. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मोठ्या अक्षरांची, चित्रांची, स्वस्त पुस्तके मराठीत मिळतात, पण ती इतकी पातळ की टेबलावर ढीग दिसत नाही. शिवाय मुले ती खरोखर वाचतात, चार महिन्यांत कोपरे दुमडतात. प्रश्नसंच कुलूपबंद कपाटात वर्षानुवर्षे कोरे राहतात.

एवढे पाळले की कार्यक्रम पार पडतो. निघताना फक्त बाईंपासून सावध राहावे. त्या गाडीपर्यंत आल्या आणि दुमडलेला कागद हातात दिला: पेन्सिली 8 डझन, खोडरबर, शार्पनर, रंगीत खडू, दुरेघी वह्या. खाली लिहिले होते, ‘जानेवारीत मिळाले तर बरे होईल, दादा.’ म्हणाल्या, जूनमध्ये सगळेच देतात, दिवाळीनंतर पेन्सिली बोटभर उरतात, मग मी एकेकीचे दोन तुकडे करून देते. जानेवारीत! तेव्हा मैदानावर झेंडावंदनाला दुसऱ्याच मंडळाचा फ्लेक्स असतो.

कागद आम्ही फाइलला लावून ठेवला आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवरच्या नावांचा क्रम लिहून ठेवला आहे.