जर्नलच्या पताका

इंजिनिअरिंगची चार वर्षं संपली की घरात दोन गोष्टी उरतात: एक पदवीधर आणि दहा किलो रद्दी. पदवीधराचं पुढे काय करायचं यावर शेजारीपाजारी बोलतच असतात. रद्दीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. निकाल लागतो, घरी वीस-पंचवीस माणसांना बोलवायचं ठरतं आणि घरातलं कुणीतरी सोनेरी फुगे आणि चमकीचे पडदे आणायला पिशवी घेऊन निघतं. निघताना ते माणूस पलंगाखालून डोकावणाऱ्या जर्नलांच्या गठ्ठ्याला हमखास ठेचकाळतं. ही ठेच म्हणजेच प्रस्तुत शास्त्राचा आरंभ. आमचा सिद्धान्त एका वाक्याचा आहे. पदवीच्या समारंभाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी सजावट पदवी मिळवताना साठलेल्या कागदाचीच होऊ शकते. बाजारातून आणलेली सजावट ही मुळात वाढदिवसाची सजावट असते, तिच्यातला केकचा फुगा काढून टोपीचा घातलेला असतो इतकंच.

शास्त्र म्हटलं की मोजमाप आलं. आठ सेमिस्टर, प्रत्येक सेमिस्टरला पाच जर्नलं आणि प्रत्येक जर्नलात पन्नास कागद धरले, तर दोन हजार कागद होतात. ए-फोर आकाराचा, ८० ग्रॅम प्रतीचा एक कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो, म्हणजे २०० कागदांचा एक किलो आणि दोन हजारांचे दहा किलो. रद्दीचा भाव किलोला १५ रुपये धरला तर चार वर्षांच्या या लेखनसाधनेची बाजारातली किंमत १५० रुपये होते. फी किती भरली होती हा आकडा इथे मुद्दाम देत नाही, कारण समारंभाच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब स्थिर राहावा अशी आमची इच्छा आहे. आता सजावटीला यातलं किती लागेल ते पाहू. दहा बाय बाराच्या हॉलचा घेर ४४ फूट, म्हणजे साधारण १३.४ मीटर. ए-फोर कागदाचे मधून दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा सुतळीवर दुमडायचा आणि खाली निमुळता कापायचा, की पंधरा सेंटिमीटर रुंदीची एक पताका होते. दोन पताकांत पाच सेंटिमीटर जागा सोडली तर सगळ्या हॉलला ६७ पताका पुरतात. त्यांना ३४ कागद लागतात, त्यांचं वजन १७० ग्रॅम आणि किंमत अडीच रुपये. शिवाय चौकोनाचा त्रिकोण केला की निम्मा कागद कातरणात जातो. हे कातरण बारीक करून परातीत ठेवावं, पदवीधर दारात आला की उधळायला फुलं आणावी लागत नाहीत. केर कुणी काढायचा हा प्रश्न निघेल, पण त्याचं उत्तर त्या घरात आजवर जे होतं तेच राहील.

रंगसंगतीची चिंता करू नये. जर्नलचा कागद पांढरा, अक्षरं निळी आणि प्रत्येक प्रयोगाखाली लाल शाईची सही. जगातल्या कितीतरी देशांच्या झेंड्यांना एवढे रंग पुरतात. पताका कापताना ही लाल सही बरोबर टोकाशी येईल असा कागद धरावा. बरीच पानं न वाचता, एका दमात तीस या वेगाने केलेली ती सही असते, त्यामुळे तिच्यात जी लय असते ती सावकाश काढलेल्या नक्षीत येत नाही. चिकटवायला बाटलीतला गोंद आणू नये, खळ करावी. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवावा, गुठळी राहू देऊ नये, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावं. पांढरं पाणी हळूहळू घट्ट होऊन अर्धपारदर्शक दिसू लागलं की खळ झाली. किडा लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, आणि एका संध्याकाळपुरत्या सजावटीला झुरळांपासून दीर्घकालीन संरक्षणाची गरजही नसते. खळ भिंतीला मात्र लावू नये. रंगाचा पोपडा निघाला की काटकसरीचा सगळा हिशोब रंगाऱ्याच्या खिशात जातो. पताका सुतळीवरच चिकटवून सुतळीची टोकं पडद्याच्या दांडीला, खिडकीच्या गजांना आणि कॅलेंडरच्या खिळ्याला बांधावीत.

यानंतर समोरच्या भिंतीवरची अक्षरं. बाजारच्या सजावटीत इथे इंग्रजीत अभिनंदन लिहिलेलं असतं आणि त्याला पंधरा अक्षरं लागतात. त्यातला एखादा फुगा फुटतोच आणि पाहुणे संध्याकाळभर स्पेलिंग जुळवत बसतात. मराठीत ‘अभिनंदन’ पाच अक्षरांत होतं, म्हणजे साहित्य एकतृतीयांश. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, पण काटकसरीचा दर्जा तिच्याकडे आधीपासून होता आणि त्यासाठी दिल्लीला जावं लागलं नव्हतं. अक्षरं रेखीव यायला हवीत, आणि इथे पदवीधराचं तांत्रिक शिक्षण प्रथमच उपयोगी पडतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना ‘जीटी’ मारता येते. काच आडवी ठेवायची, खाली ट्यूबलाइट लावायची, काचेवर हुशार मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट ठेवून खालून उमटणाऱ्या रेषा गिरवायच्या, ही ती ग्लास ट्रेसिंगची विद्या. अभ्यासक्रमात ती कुठे छापलेली नसते, पण आत्मसात सगळ्यांनी केलेली असते. लग्नपत्रिकेवरचं किंवा वर्तमानपत्राच्या मथळ्यातलं ठसठशीत अक्षर झेरॉक्सवर मोठं करून घ्यावं, जुन्या ड्रॉइंग शीटच्या कोऱ्या पाठीवर त्याची जीटी मारावी आणि कापून घ्यावं. शीट जाड असते, चार वर्षं नळकांड्यात राहून तिला बाक आलेला असतो, त्यामुळे अक्षर भिंतीपासून किंचित उठून दिसतं. ‘अ’च्या पाठीमागे मशीन ड्रॉइंगचा नट-बोल्ट राहिला तर राहू द्यावा.

टोपीचा प्रश्न नाजूक आहे. काळा झगा आणि चौकोनी टोपी आपल्याकडे इंग्रजांच्या विद्यापीठांमागोमाग आली, आणि आता तिला राहू द्यावं की घालवावं याचा निकाल लागत नाही. २०१० मध्ये भोपाळच्या एका पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरवला होता. झगा गेला म्हणून भांडण मिटतं असंही नाही. पुण्यात विद्यापीठाने समारंभाला पगडी आणली, तेव्हा २०१९ मध्ये ती पुणेरी असावी की महात्मा फुल्यांची यावरून आंदोलन झालं. घरगुती समारंभात असा वाद निघाला तर जेवण लांबतं. म्हणून आमचा सल्ला आहे की टोपी डोक्यासाठी करूच नये, भिंतीसाठी करावी. पेढे कोणत्याही परिस्थितीत आणावेच लागतात, तो खर्च सजावटीत धरू नये, आणि म्हणून त्यांचा खोका शास्त्रानुसार फुकट ठरतो. किलोच्या खोक्याच्या झाकणातून वीस सेंटिमीटरचा चौकोन कापून काळा रंगवावा, म्हणजे तुपाचे डाग झाकले जातात. गोंड्यासाठी बोटभर लांबीच्या पुठ्ठ्यावर शिवणाच्या डब्यातला दोरा साठ-सत्तर वेढे गुंडाळावा, एका टोकाशी गाठ मारून दुसरं टोक कापावं आणि गाठीखाली पुन्हा दोऱ्याने आवळावं. टोपी हवेत उडवण्याचा विचार कुणी केल्यास आधी पंखा बंद करावा.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ज्या शास्त्रावर नातेवाइकांनी आक्षेप घेतला नाही ते शास्त्र पक्कं झालेलं नसतं. पहिला आक्षेप असा की तयार संच दोन-तीनशे रुपयांत घरपोच येतो, मग ६७ पताका कापत बसायचं कशाला? एका पताकेला दोन मिनिटं धरली तरी सव्वादोन तास जातात, त्या वेळाची काही किंमत आहे की नाही? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अर्थशास्त्रीय आहे. वेळाची किंमत म्हणजे त्या वेळात दुसरीकडे मिळू शकली असती ती कमाई. ज्याचं जॉइनिंग कंपनीने पुढे ढकललं आहे किंवा ज्याला कंपनीच अजून मिळायची आहे, त्याच्या बाबतीत ही रक्कम काढायला गणकयंत्र लागत नाही. उलट या सव्वादोन तासांत तो मोबाइलवर दुसऱ्यांचे पगार पाहणार नाही, आणि ‘मग पुढे काय?’ असं विचारायला लवकर आलेल्या काकांच्या हातातही कात्री देता येते. कात्री हातात असलेला माणूस कमी प्रश्न विचारतो, कारण त्याला सरळ रेषेत कापायचं असतं.

दुसरा आक्षेप माळ्यावरून येतो. गणपतीचं मखर वर ठेवलेलंच आहे, तेच उतरवावं, असं घरातली व्यवहारी माणसं सुचवतात. मखर थर्माकोलचं असेल तर ते उतरवण्यात अडचण आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि त्या वर्षी गणपतीपुरती सूट द्यायलाही उच्च न्यायालयाने नकार दिला. देवाला न मिळालेली सवलत बी.ई.ला कशी मिळेल? दिवाळीच्या दिव्यांच्या माळा मात्र खुशाल उतरवाव्यात. त्यांतली निम्मी माळ पेटेल आणि निम्मी पेटणार नाही. जुन्या माळांतले बारके दिवे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की त्याच्या साखळीतले सगळे जातात. इलेक्ट्रिकलचा पदवीधर असेल तर तेवढा एक दिवा शोधायला त्याला बसवावं. सापडला नाही तरी पदवीबद्दल शंका घेऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आजीचा असतो. विद्येला कात्री लावायची? सरस्वतीला दोरीवर टांगायचं? आजीला हसण्यावारी नेऊ नये, तिचं म्हणणं तिच्याच परंपरेतून तपासावं. दसऱ्याला आपण पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतो, पाटी-पुस्तकं मांडून त्यांना फुलं वाहतो. म्हणजे अभ्यासाचं सामान दर्शनी जागी मांडणं हा अपमान नाही, पूजाच आहे. अपमान होतो तो पाय लागल्यावर, आणि पताका डोक्याच्या वर असतात. पलंगाखाली चार वर्षं त्याच जर्नलांना येता-जाता पाय लागत होते, तेव्हा सरस्वतीची आठवण कुणाला झाली नव्हती. उधळलेलं कातरण तेवढं कोऱ्या पानांचं घ्यावं. जर्नलच्या शेवटी ती भरपूर असतात. आजीला यापेक्षा अधिक समजूत लागत नाही, तिला विचारल्याचं समाधान हवं असतं.

चौथा आक्षेप पदवीधराचा स्वतःचा. पताकांवर लिहिलेलं लोक वाचतील, एखाद्या पानावर ‘रिपीट’ असा शेरा निघेल, कुठे तिसऱ्या सेमिस्टरच्या केटीची आठवण लटकेल. यावर दोन उपाय आहेत. शेऱ्याचं पान आत दुमडता येतं, हा साधा उपाय. आमचा कल दुसऱ्याकडे आहे, तो म्हणजे पान बाहेरच ठेवणं. सोनेरी फुग्यावर फक्त यश छापलेलं असतं. जर्नलच्या पानावर खाडाखोड असते, दुसऱ्याच्या जर्नलातून उतरवलेलं, चुकीसकट उतरवलेलं रीडिंग असतं, रात्री दोनला वाकडं झालेलं अक्षर असतं. पदवी या सगळ्याची मिळते. केटी लागूनही जो पास झाला त्याच्या भिंतीवर केटीची पताका असण्यात लाज कसली? तेवढ्या भागाचा अभ्यास तर त्याने दोनदा केला आहे.

आता सगळं ऑनलाइन झालंय, पदवीसुद्धा डिजिलॉकरमध्ये येते, कागद कुठून आणणार, असं कुणी म्हणेल. तो दिवस येईल तेव्हा शास्त्रात दुरुस्ती करू. सध्या तरी पीडीएफ दाखवली की तिची प्रिंट मागणारी माणसं आणि ती प्रिंट फाइलला लावायला सांगणारी कॉलेजं पुरेशी आहेत. बी.ए., बी.कॉम.वाल्यांनी जर्नल नाही म्हणून खट्टू होऊ नये, त्यांच्याकडे झेरॉक्स नोट्सचा साठा याहून मोठा असतो. तेराव्या झेरॉक्सपर्यंत अक्षर इतकं फिकट झालेलं असतं की दुरून ती नक्षीच वाटते. ज्युनिअर मुलं नोट्स मागत असतील तर आधी त्यांना द्यावं, उरलेलं कापावं. दहा किलोंतले १७० ग्रॅम कमी झाल्याने कुणाचं शिक्षण अडत नाही.

समारंभ आटोपला की पताका उतरवून सुतळी गुंडाळून ठेवावी, ती गणपतीला लागेल. कागद पुन्हा गठ्ठ्यात घालून रद्दीवाल्याला द्यावा, म्हणजे सजावटीचा निव्वळ खर्च दोन चमचे मैदा आणि कातरणाचा सव्वा रुपया एवढाच उरतो. एक सूचना मात्र शेवटी, आणि ती गंमत नाही. कात्री हातात घेण्याआधी सगळा गठ्ठा एकदा पान-पान करून पाहावा आणि मूळ गुणपत्रिका, लिव्हिंग सर्टिफिकेट, हॉल तिकिटं बाजूला काढून कपाटात ठेवावीत. ती नेमकी जर्नलांच्या मध्येच ठेवलेली असतात. दुय्यम गुणपत्रिकेसाठी अर्ज, शुल्क आणि विद्यापीठाच्या खिडकीवरचे खेटे लागतात, आणि तेवढ्या पैशांत व तेवढ्या दिवसांत सोनेरी फुगे कितीतरी वेळा आणून झाले असते.