लॅपटॉपचा मुक्काम पोस्ट

स्टुटगार्ट,
रविवार, कुकर लावल्यावर

ती. आप्पा आणि आई यांना सा. न.,

आई, तुझा काल फोन आल्यापासून जावईबापू हसतायत. "लॅपटॉप चालत नाही म्हणजे साहेबांनी कामावरून काढलं का गं?" शकूआत्याला ऐकू जाऊ नये म्हणून तू कुजबुजलीस, म्हणजे तिला नक्की ऐकू गेलं असणार. तर तिलाही सांग: नोकरी आहे, लॅपटॉप आहे. फक्त आपण आत्ता घरी आहोत की कामावर, हे त्या लॅपटॉपला कळत नव्हतं.

आप्पा, तुम्हाला सविस्तर सांगते. आईला सांगायला गेलं की ती "बरं, जेवलीस का?" म्हणते. आमच्या लॅबमधल्या यंत्रांना लॅपटॉप वायरने जोडावा लागतो आणि तिथे पत्ते वाटणारं कुणी नाही. ज्याने त्याने आपला आकडी पत्ता स्वतः लिहून ठेवायचा, पक्का. घरी उलट. राउटर येईल त्याला पत्ता देतो. इथे घरोघरी फ्रिट्झबॉक्स असतो, त्याचे पत्ते बहुधा 192.168.178 ने सुरू होतात. वायफायची आणि वायरची सेटिंग वेगवेगळी राहते, त्यामुळे घरी वायफायवर काम करता आलं असतं तर प्रश्न नव्हता. पण भिंती हातभर जाड, मागच्या खोलीत वायफाय पोचतच नाही. म्हणून घरीही वायरच. मग संध्याकाळी लॅपटॉप घरी यायचा आणि लॅबचाच पत्ता धरून बसायचा. आपण बाळीवेस सोडून जुळे सोलापूरला आलो तरी आजोबा रिक्षावाल्याला बाळीवेसच सांगायचे आणि उतरल्यावर भांडायचेही त्याच्याशीच, तसं.

रोज सेटिंग उघडा, 'मॅन्युअल'चं 'ऑटोमॅटिक' करा, सकाळी परत उलटं करा. जावईबापूंनी कोल्हापुरी उपाय काढला: सगळे आकडे चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवायचे. ऑफिसातल्या सुरक्षावाल्या बाईंनी ती चिठ्ठी बघून जो चेहरा केला, तो आईने आमच्या ओमच्या मराठीच्या वहीला केला होता तसाच.

आणि या सगळ्याने दगा दिला कधी, तर नेमका सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला. त्या दिवशी घरून काम मागून घेतलं होतं. तुमची दुपार म्हणजे आमची सकाळ, थंडीत साडेचार तासांचा फरक. मोठ्या पडद्यावर लावायचं म्हणून ओमला नवा सदरा घातला, वाटीत तांदूळ घेतले, आणि पडद्यावर इंटरनेट नाही. शेवटी मोबाइलवर बघितलं. एवढ्याशा चौकोनात सम्मती कट्टा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मागे सातही नंदीध्वज. ओम विचारतो, "आई, यात आजोबा कुठले?" सगळेच पांढरे, मी काय सांगणार? तरी एका टोपीवर बोट ठेवून म्हटलं, हे. तांदूळ मोबाइलवरच टाकले. नंतर बराच वेळ मी ते गाद्यांच्या फटीतून वेचत होते. लवकर वेचून होत नव्हते, कारण दिसत नव्हतं नीट. असो.

(कपड्यांचं मशीन थांबलं. आले.)

हं. तर उपाय सापडला, आणि तो विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून बसलेला आहे. वायरची सेटिंग 'ऑटोमॅटिक'वरच ठेवायची. मग जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, त्याच खिडकीत शेजारी 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' नावाचं पान दिसतं. 'मॅन्युअल' असताना ते दिसतच नाही, ही गंमत. तिथे लॅबचा पक्का पत्ता लिहून ठेवायचा. लॅपटॉप आधी विचारतो, "कुणी पत्ता देतंय का?" घरी राउटर देतो. लॅबमध्ये कुणी देत नाही, मग मिनिटभर वाट बघून हा आपला लिहिलेला पत्ता घेतो. तेवढ्यात माझी कॉफी होते. जिथे ऑफिसच पत्ते वाटतं तिथे ही युक्ती चालायची नाही, हे मन्याला सांगा, त्याचं पुढे लिहितेच. ही सेटिंग बदलायचा हक्क मात्र ऑफिसकडून मागून घ्यावा लागतो.

आता पैशांचं. इंटरनेट चालो न चालो, इथे रेडिओ-टीव्हीचा कर भरावाच लागतो. घरटी महिना 18.36 युरो, म्हणजे अठराशे रुपयांच्या वर. आमच्याकडे टीव्ही नाही असं मी शेजारच्या आजींना ठसक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "घर आहे ना?" 2013 पासून कर घरावर आहे, यंत्रावर नाही. त्याआधी इंटरनेट असलेल्या कॉम्प्युटरलाही रेडिओ धरत! आप्पा, तुम्ही पोस्टात रेडिओचं लायसन भरायला जायचात, निदान तुमच्याकडे मर्फी होता. त्यावर क्रिकेट तरी ऐकू यायचं. आम्ही जे कधी लावत नाही त्याचे पैसे तीन महिन्यांचे एकदम भरतो, 55.08. जावईबापूंनी हिशेब केला की तेवढ्यात महिनाभराचं मटण येतं. कुठल्या भावाने, ते विचारलं नाही.

पार्सल मिळालं. कडक भाकरीचा चुरा झाला होता, तो दह्यात कालवून खाल्ला. शेंगाचटणी ओमने लपवलीय. पेढे आणि तूप पाठवायचा हट्ट सोड आई, दुधाचं काही बाहेरून पोस्टाने चालत नाही. आणि भेटवस्तूची किंमत 45 युरोच्या आत लिही. शकूआत्याची चादर खरी किमतीने लिहिली तरी बसते त्यात, तिला वाईट वाटू देऊ नकोस.

बबलूचं लग्न मे महिन्यात? सोलापुरात? मुलीकडच्यांनी काय गुन्हा केलाय? मुंबईहून विमान सुरू झाल्याचं कात्रण पाठवलंत आप्पा, आणि पाठीमागे "सिद्धेश्वरचंच तिकीट काढा" लिहिलंत. त्याच गाडीचं काढू. उजनी धरण भरलं म्हणता, मग नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांआडच कसं?

आणि मन्याचं. तो हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून आला की घरातलं इंटरनेट 'जातं' आणि तुम्ही इंटरनेटवाल्या पोराला फोन करून झापता. तुमच्या मोबाइलवर तेव्हा चालू असतं ना? मग लाइन ठीक आहे. मन्याच्या लॅपटॉपवर ऑफिसची प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसमार्गेच इंटरनेटवर जायची सेटिंग, चालू राहिलेली असणार. माझ्या पत्त्याच्या भानगडीपेक्षा ती वेगळी, वेगळ्या पानावर बंद करावी लागते. त्याला आधी ते बघायला सांगा आणि त्या पोराचं अडवलेलं बिल देऊन टाका.

तुमची,
सुमी