मावशी, लोकर आणि लर्विक

माझी मावशी डोंबिवलीला राहते आणि बारा महिने लोकरीचे स्वेटर विणते. या दोन गोष्टींचा मेळ आजवर कुणालाच बसवता आलेला नाही. निवृत्तीच्या पैशांतून परदेशी जायचं ठरलं, तेव्हा तिने स्वित्झर्लंड आणि पॅरिस एका फटक्यात बाद केलं आणि स्कॉटलंडच्याही वर असलेल्या शेटलंड बेटांवर बोट ठेवलं. ही बेटं इतकी दूर आहेत, की नकाशावाले त्यांना उचलून कोपऱ्यातल्या चौकटीत बसवायचे. सरकारी नकाशांत तरी असं करू नये, म्हणून 2018 साली स्कॉटलंडच्या संसदेला कायदा करावा लागला.

“अरे, सप्टेंबरअखेरीला तिथे लोकरीचा सप्ताह असतो,” मावशी म्हणाली. सप्ताह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हरिनामाचा आला, आणि तो काही अगदीच गैरलागू नव्हता. टाळांच्या जागी सुया होत्या इतकंच. इथेही देशोदेशींची मंडळी येतात, आणि टोपीही सगळ्यांची एकच. दरवर्षी एका विणकराला मान मिळतो, तो टोपीचा नमुना काढतो आणि भक्तगण ती आपापल्या रंगांत विणून, घालूनच येतात. मावशीने तिची टोपी मे महिन्यात लोकलमध्ये विणली होती. समोरच्या बायका घाम पुसत तिच्याकडे बघत होत्या म्हणे.

अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी निघालेलं जहाज सकाळी साडेसातला राजधानी लर्विकला लागतं. रात्रभर उत्तर समुद्राने आम्हाला घुसळून काढलं. मी आडवा होतो, मावशी विणत होती. “टाका सुटला की समजायचं, लाट मोठी होती,” एवढंच तिचं हवामानशास्त्र.

या बेटांचा इतिहास आपल्याकडच्या कुठल्याही वधुपित्याला चटकन कळेल. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली, पण हुंड्याची रक्कम जमेना. मग 1469 साली मुलीच्या बापाने शेटलंड गहाण टाकलं. ते सोडवायचं राहिलं ते राहिलंच. आजही लर्विकहून एडिंबरापेक्षा नॉर्वेचं बर्गन जवळ पडतं.

सप्ताहात विणलेल्या कपड्यांचा एक फॅशन शोही असतो. तो गावातल्या सभागृहात होता. मंचावर चालणारी मंडळी म्हणजे कोळी, शाळामास्तरीण, बेकरीवाला आणि एक आजीबाई. कंबर लचकवणं कुणालाच जमत नव्हतं आणि कुणाला त्याची अपेक्षाही नव्हती. दाढीवाला आडदांड कोळी फेअर आइल या इथल्याच एका बेटाच्या नक्षीचा स्वेटर घालून आला, तशा पहिल्या रांगेतल्या बायकांनी त्याला थांबवलं, स्वेटरची कड धरली आणि सरळ उलटी करून आतली बाजू बघायला सुरुवात केली. एका ओळीत दोनच रंग चालवायचे. जो रंग पुढे दिसत नाही, त्याचा धागा मागून न्यायचा. तो ओढला गेला तर नक्षी आवळते, सैल सुटला तर बोटं अडकतात. तेव्हा विणणारीची खरी परीक्षा पाठीमागे. कोळी बिचारा हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखा उभा. मावशीनेही चष्मा वर करून तपासणी उरकली आणि “चांगलंय हो!” असा मराठीतच निकाल दिला. तो तिकडे कळला.

ही नक्षी जगात गाजली ती राजपुत्रामुळे. पुढे आठवा एडवर्ड झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने 1922 साली सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि साहेबलोकांत त्याची टूमच निघाली.

मग उन्स्ट बेटाची लेसची शाल आली. भली मोठी, पण सूत असं बारीक की ती अख्खी लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते, अशी तिची ख्याती. निवेदिकेने अंगठी मागितली. “अरे, काढ की तुझी!” मावशी गरजली. माझी अंगठी लग्नाच्या वेळच्या बोटाच्या मापाची. साबण आला, तेल आलं, शेजारच्या जर्मन बाईंनी ओढूनही पाहिलं. शेवटी आजीबाईंनी स्वतःची काढून दिली आणि शाल तिच्यातून पाण्याच्या धारेसारखी निघून गेली. टाळ्या शालीला मिळाल्या. लाल बोट माझं.

मध्यंतरात एक बाई नळीसारखा गोल विणलेला, पुरा झालेला स्वेटर घेऊन बसली आणि त्याच्या मधोमध तिने कात्री चालवली. सभागृह गप्प. मावशीने माझं मनगट आवळलं. पण एक टाका उसवला नाही! शेटलंडच्या मेंढीची लोकर चिवट. धागे एकमेकांना धरून बसतात. गोल विणायचं, मग कापून पुढून उघडा स्वेटर करायचा, ही इथली जुनी रीत.

चहाच्या वेळी एका पाहुण्याने कोळ्याच्या स्वेटरची किंमत विचारली आणि आकडा ऐकून “बाप रे!” अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. आजीबाईंनी उत्तरादाखल कमरेचा चामडी पट्टा दाखवला. आत घोड्याचे केस भरलेले, वरून भोकं. सुईचं एक टोक भोकात रोवलं की चालता चालता विणता येतं. पाठीवर पीटची, म्हणजे जळणाच्या दलदली मातीची टोपली आणि हातात विणकाम अशा बायकांचे जुने फोटो प्रसिद्ध आहेत. त्या विणकामाचे पैसेही त्यांच्या हाती क्वचितच पडत. व्यापारी बदल्यात चहा नाहीतर कापड देई, त्याचा भाव तोच ठरवी. तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला चौकशी नेमावी लागली. तिचा अहवाल 1872 सालचा.

तेव्हा वाचकहो, हाताने विणलेल्या स्वेटरचा भाव ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या, तर दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा आणा आणि निदान एक बाही विणून बघा. मग खुशाल घासाघीस करा. आमची मावशी डोंबिवलीत फुकट शिकवते.