चार टक्क्यांची कन्या

मुलांना पैशाची किंमत कळावी असे ज्यांना वाटते, त्यांनी ठाण्यातल्या कोलशेतला राहू नये. इथे किमती खांबाखांबावर लटकत असतात. कापूरबावडीच्या पुढे रिक्षा रेंगाळली की कन्या फलक मोठ्याने वाचू लागते. ‘फक्त अमुक कोटी’वरची चांदणी कसली, असे तिने एकदा विचारले. “तीच सगळ्यात महाग असते,” असे रिक्षावाल्याने परस्पर सांगून टाकले.

तेव्हा रीतसर शिक्षण द्यायचे ठरले. दहा वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाने खाते चालवता येते. रिझर्व्ह बँकेनेही 2014 साली बँकांना तशी मुभा दिली आणि 2025 मध्ये ते नियम नव्याने मांडले. आम्ही पोस्ट निवडले. सही ठरवण्यात कन्येची अर्धी वही संपली आणि ठरलेली सही तिला दुसऱ्यांदा जमेना. अखेर पाचशे रुपये भरले. व्याज चार टक्के, म्हणजे वर्षाला वीस रुपये.

“म्हणजे वर्षभर काहीच खायचं नाही, मग एक वडापाव?” तिने विचारले. चक्रवाढ व्याजाचे माझे भाषण तिथेच आटोपले.

पण दर तिच्या डोक्यात पक्का बसला. भाजीवाल्या मावशींना सुटे हवे होते, माझ्या फोनला रेंज नव्हती, म्हणून मी तिच्या गल्ल्याकडे वळलो.

“पोस्ट चार टक्के देतं. तू किती देशील?”

“अगं, मी तुझा बाप आहे!”

“ते ठीक आहे. तारण काय?”

टीव्हीचा रिमोट अजून तिच्याकडे गहाण आहे.

मग आजी मैदानात उतरली. तिचा विश्वास तांदळाच्या डब्यातल्या नोटांवर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे तिने नातीला सांगितले. नात म्हणाली, “आजी, आपली गादी हप्त्यांवर आहे. हप्ते फिटेपर्यंत पाय पोटाशी घ्यायचे का?” आजीने माझ्याकडे पाहिले. मी पेपरात डोके घातले.

हल्ली तिला जमिनीचा नाद लागला आहे. इथल्या क्लॅरियंट कारखान्याची, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही सँडोझची, सुमारे 87 एकर जागा 2014 च्या सुमारास 1,154 कोटींना विकली गेली. आता तिथे टॉवर आहेत. हे मी सामान्यज्ञान म्हणून सांगितले, तिने गणित म्हणून घेतले. एकराचे चौरस फूट 43,560. भागाकार उतरला तीन हजारांच्या वर, तोही तेव्हाचा आणि नुसत्या मातीचा.

वही घेऊन ती बाल्कनीत गेली.

“बाबा, तुळशीची कुंडी एक चौरस फूट अडवते. तिचं भाडं कोण देतं?”

आजी तेवढ्यात दिवा लावायला आली होती. तिने नातीला हाताने बाजूला सारले, निरांजन ठेवले आणि डोळे मिटले.

“दिव्याची जागा वेगळी धरू का?” नातीने मला हळूच विचारले.